भुताला कौल लागत नाही

भुताची गोष्ट सांगायची ती दिवा बारीक करून. ऐकणाऱ्याने पांघरूण डोक्यावरून ओढले, की सांगणारा जिंकला. त्यामुळे भाचीने ‘सेमेटरी बॉइज’ ही इंग्रजी कादंबरी हाती ठेवून, “मावशी, यात भूत आहे, खूनही आहे, पण तुला छान झोप लागेल,” असे म्हटले तेव्हा मला हसू आले. पुस्तक संपले तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. झोप काही लागली नाही. पण ती भीतीमुळे नव्हे.

एडन टॉमस यांची ही पहिली कादंबरी २०२० साली प्रसिद्ध झाली. ती घडते अमेरिकेत, पूर्व लॉस एंजेलिसमधल्या एका दफनभूमीत. तिथे राहणाऱ्या लॅटिन अमेरिकन कुळाला मृतात्मे दिसतात. कुळातल्या बायका आजार बरे करतात. पुरुष अडकलेल्या आत्म्यांना कट्यारीने मोकळे करतात. सोळा वर्षांचा याद्रिएल जन्मला तो मुलगी म्हणून. पण तो मुलगा आहे. पुरुषांचा संस्कार त्याच्यावर करायला घरचे तयार नाहीत. म्हणून मारित्झा या नात्यातल्या बहिणीला घेऊन तो स्वतःच गुपचूप तो उरकतो. त्याच रात्री मिगेल हा नात्यातला भाऊ मरतो, आणि त्याचे प्रेत सापडत नाही. याद्रिएल आत्म्याला हाक मारतो, तर उभा राहतो भलताच: त्याच्याच शाळेतला, उनाड म्हणून गाजलेला हूलिआन. मित्र सुखरूप असल्याचे कळेपर्यंत हा पठ्ठ्या जायला राजी नाही!

पुढची मौज वाचकांनी स्वतःच घ्यावी. ज्या घरात भूत सगळ्यांनाच दिसते, त्या घरात भूत लपवायचे म्हणजे काय फजिती! शोधाच्या धावपळीतच या दोन मुलांचे एकमेकांवर प्रेम जडते, आणि लेखक ते कोणत्याही दोन तरुण जिवांचे प्रेम सांगावे तितक्या सहजपणे सांगतो.

रहस्यकथा म्हणून मात्र कादंबरी कच्ची आहे. मुरलेला वाचक गुन्हेगाराला निम्म्या वाटेवरच हेरील. त्याचे नाव मी फोडत नाही. पण त्याच्याही मनात डावलले गेल्याचे शल्य आहे. तेच शल्य एकाला माणूस करते, दुसऱ्याला खुनी. या तुलनेत मोठी कादंबरी दडली होती. लेखकाने ती शेवटच्या धावपळीत हातची घालवली.

माझा खरा आक्षेप मात्र वेगळा होता. याद्रिएलच्या संस्काराला देवी आरंभीच कौल देते; कट्यार उजळते. वाटले, हे फार सोपे झाले. ज्यांच्यासाठी कट्यार उजळत नाही, त्यांनी काय करावे? उत्तर पुढे मिळाले. हूलिआनला याद्रिएल आपण कोण ते सांगतो, आणि तो ते ऐकून घेतो, बस्स. पुरावा मागत नाही. देवीने कौल दिला तरी अडून बसतात ते प्रेमळ घरचे. भुताला कौलच लागत नाही.

‘प्रेमळ’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे. याद्रिएलचे वडील दुष्ट नाहीत. आजी पोटभर जेवू घालते. त्यांच्या तोंडून जुना उल्लेख चुकून निघतो, आणि मुलगा तो गिळतो. हे वाचताना मला आमच्याच नात्यातली एक लग्नपत्रिका आठवली. अशाच एका मुलाचे टाकून दिलेले नाव तिच्यात छापले होते. “छापखान्याची चूक असेल,” असे म्हणून मी पत्रिका कपाटात ठेवून दिली. चूक छापखान्याची नव्हती, हे मला तेव्हाही ठाऊक होते.

कादंबरीचा कळस होतो तो मेक्सिकन लोकांच्या मृतांच्या सणात, नोव्हेंबरच्या आरंभी. गेलेल्यांसाठी आरास मांडतात, त्यांच्या आवडीचे पदार्थ ठेवतात, झेंडूच्या फुलांनी वाट दाखवतात. हा झेंडू मूळचा तिकडचाच. आपल्या दारी तोरणाला येऊन बसला आणि आपला झाला. त्याला कुणी परका म्हटल्याचे ऐकिवात नाही.

पुस्तक भाचीला परत केले. पत्रिका आता कपाटात नाही. यंदा भाऊबिजेचे आमंत्रण मी स्वतःच्या हाताने लिहिले आहे, आणि त्यावर नाव बरोबर आहे.