संज्ञा आणि शिक्का : मराठवाड्यातील राजकीय भाषेची समीक्षा

राजकीय भाषेचा विचार मराठी समीक्षेने फारसा केलेला नाही. साहित्यकृतीतील प्रतिमांचे विश्लेषण करणारा अभ्यासक निवडणुकीच्या सभेतील प्रतिमांकडे आपल्या क्षेत्राबाहेरची गोष्ट म्हणून पाहतो. वस्तुतः ज्या भाषिक व्यापारातून रूपक निर्माण होते, त्याच व्यापारातून 'गद्दार', 'निष्ठावंत', 'जातीयवादी', 'पुरोगामी', 'रझाकार' हे शब्दही निर्माण होतात आणि त्यांचे परिणाम एखाद्या कवितासंग्रहाच्या परिणामापेक्षा कितीतरी अधिक व्यापक असतात. अशा शब्दांचे स्वरूप मराठवाड्याच्या, विशेषतः लातूर-नांदेड परिसराच्या अनुभवाच्या आधारे तपासावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रारंभीच एक भेद करणे आवश्यक आहे. माणसांचे व मतांचे वर्गीकरण करणारे शब्द दोन प्रकारे वापरले जातात. पहिल्या वापराला आपण 'संज्ञा' म्हणू व दुसऱ्याला 'शिक्का'. संज्ञा कृतीला किंवा भूमिकेला लावली जाते; शिक्का माणसाला, आणि पुष्कळदा त्याच्या कुळाला वा समाजाला लावला जातो. संज्ञेला निकष असतात, त्यामुळे विरोधी पुरावा पुढे आला तर ती मागे घ्यावी लागते. शिक्क्याला विरोधी पुराव्याची अडचण होत नाही, कारण तो पुरावा 'अपवाद' किंवा 'ढोंग' म्हणून पचवण्याची सोय त्यात आधीच केलेली असते. एकच शब्द एका वाक्यात संज्ञा आणि दुसऱ्या वाक्यात शिक्का असू शकतो. म्हणून शब्दांची यादी करून हा प्रश्न सुटत नाही. वापराकडे पाहावे लागते.

'रझाकार' या शब्दाचा प्रवास या दृष्टीने उद्बोधक आहे. उर्दूत त्याचा मूळ अर्थ 'स्वयंसेवक' एवढाच आहे. लातूरला वकिली करणारा कासिम रझवी १९४६ साली मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीनचा अध्यक्ष झाला आणि त्याच्या नेतृत्वाखालील निमलष्करी दलाला हे नाव रूढ झाले. या दलाने हैदराबाद संस्थानात केलेले अत्याचार हा इतिहास आहे; बीदर जिल्ह्यातील गोरट्यासारख्या गावांची स्मृती त्याची साक्ष देते. या मर्यादेत 'रझाकार' ही नेमकी संज्ञा होय : ती एका संघटनेचे सदस्यत्व सांगते आणि त्या संघटनेच्या कृत्यांचा निर्देश करते. संज्ञा म्हणून ती काय सांगत नाही, हेही तितकेच स्पष्ट आहे. 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांनी आपल्या पत्रातून रझाकारांवर कठोर टीका केली आणि ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांची हत्या झाली. मुसलमान असणे आणि रझाकार असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे सिद्ध करण्याची किंमत या पत्रकाराने आपल्या प्राणांनी दिली.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली आणि त्यानंतरच्या आठवड्यांत हा भेद पुसला गेला. संज्ञेचा शिक्का झाला. पंडित सुंदरलाल यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने त्याच वर्षाच्या अखेरीस संस्थानात दौरा केला. मृतांची संख्या सत्तावीस ते चाळीस हजारांच्या दरम्यान असावी, असा तिचा अंदाज होता. सर्वाधिक झळ पोचलेल्या जिल्ह्यांत तिने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड यांचा निर्देश केला. लातूर त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यात होते. हा अहवाल कित्येक दशके सार्वजनिक झाला नाही. मारल्या गेलेल्यांपैकी किती जण त्या दलात होते, हा प्रश्न विचारला गेला असता तर संज्ञा टिकली असती. तो विचारला गेला नाही, यातच शिक्क्याचे सामर्थ्य दिसते. स्वतः रझवीवर मात्र रीतसर खटला चालला, त्याला शिक्षा झाली आणि १९५७ मध्ये सुटल्यावर तो पाकिस्तानात निघून गेला. मुख्य आरोपीला न्यायालय आणि निकष लाभले. शिक्का इतरांच्या वाट्याला आला. आजही प्रचारसभांतून हा शब्द ऐकू येतो, तेव्हा तो १९४८ च्या दलाविषयी बोलत नसतो.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, हा युद्धसदृश परिस्थितीतील अनुभव आहे व लोकशाही व्यवहाराला तो लागू करणे योग्य नव्हे. म्हणून तीस वर्षांनंतरचे उदाहरण घेऊ. २७ जुलै १९७८ रोजी राज्य विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केला आणि मराठवाड्यात हिंसाचार उसळला. नांदेड जिल्ह्यातील पोचिराम कांबळे यांची हत्या याच काळातली. 'नामांतरवादी' आणि 'नामांतरविरोधक' हे शब्द वस्तुतः एका ठरावाविषयीच्या दोन मतांची नावे होती. परंतु दलित वस्त्या जाळल्या गेल्या तेव्हा तेथे राहणाऱ्यांचे मत कोणी विचारले नव्हते. मताची जागा जातीने घेतली होती. दुसरीकडे, गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे हैदराबाद मुक्तिलढ्यातील ज्येष्ठ नेते नामांतराच्या विरोधात उभे होते. १९४८ मधील त्यांचे योगदान आणि १९७८ मधील त्यांची भूमिका ही दोन्ही विधाने एकाच वेळी सत्य आहेत. शिक्क्याच्या भाषेला मात्र दोहोंपैकी एकच सत्य पेलते : एक तर मुक्तिसैनिक म्हणून त्यांची प्रत्येक भूमिका निर्दोष ठरते, किंवा नामांतरविरोधक म्हणून त्यांचे पूर्वायुष्य पुसले जाते. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला आणि त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाने स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले. प्रशासकीय प्रश्न सुटला. भाषेचा प्रश्न शिल्लक राहिला.

सर्वच वर्गीकरणे त्याज्य आहेत, असा निष्कर्ष यातून काढणे चूक ठरेल. 'दलित' हा शब्द याचे उत्तम प्रत्यंतर होय. इतरांनी लादलेली हीनत्वदर्शक नावे नाकारून एका समूहाने तो स्वीकारला. दलित पँथरच्या जाहीरनाम्याने त्याची व्याप्ती अनुसूचित जातींपुरती न ठेवता भूमिहीन, कामगार, गरीब शेतकरी आणि स्त्रिया यांच्यापर्यंत नेली. हे नामकरण निकषांसह झाले आणि म्हणून त्यावर वाद घालता आला. साहित्यसमीक्षेतही 'ग्रामीण' वा 'देशीवादी' या संज्ञा जोपर्यंत वादाला मोकळ्या राहिल्या तोपर्यंत उपयुक्त ठरल्या. लेखकाचे गाव आणि जात पाहून त्या वाटल्या जाऊ लागल्या तेव्हा त्यांचाही शिक्का झाला. लातूर जिल्ह्यातील काटगावचे रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' 'ग्रामीण कादंबरी' म्हणून एका खणात ठेवली की, एका शिंप्याच्या संसाराच्या वाताहतीतून गावातील सत्तेचे जे दर्शन ती घडवते, त्याकडे राजकीय आशय म्हणून पाहण्याचे आपल्याला सुचत नाही.

पक्षनाम हे लोकशाहीतील सर्वांत आवश्यक वर्गीकरण होय. अँथनी डाउन्स यांनी १९५७ मध्ये मांडलेला विचार येथे उपयुक्त आहे : प्रत्येक प्रश्नाचा स्वतंत्र अभ्यास करणे मतदाराला परवडत नाही, पक्षाची विचारसरणी त्याचे हे श्रम वाचवते. मात्र पक्षनामाने भावी वर्तनाविषयी काहीएक विश्वसनीय माहिती द्यावी, ही यातील अट आहे. महाराष्ट्रात ही अट आज पाळली जाते काय? जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस. नाव आणि चिन्ह कोणाचे, याचा निर्णय निवडणूक आयोगाला अनुक्रमे फेब्रुवारी २०२३ व फेब्रुवारी २०२४ मध्ये द्यावा लागला. ज्या नावाचा धारक कोण हेच वादग्रस्त आहे, ते नाव मतदाराला धोरणाविषयी काय सांगणार? याच काळात 'गद्दार' आणि 'निष्ठावंत' हे शब्द सभांतून सर्वाधिक घुमले, हा योगायोग नव्हे. पक्षनामातील माहिती जसजशी ओसरते तसतशी ती पोकळी शिक्क्याने भरली जाते. धोरणाविषयी बोलण्यासारखे काही उरत नाही, तेव्हा इमानाविषयी बोलले जाते.

कायद्यानेही या भाषेला नकळत बळ दिले आहे. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली. बाजारातील घोडेबाजार थांबवणे हा तिचा हेतू रास्तच होता. परंतु पक्षादेशाविरुद्ध मत देणारा सदस्य सदसद्विवेकाने तसे करतो की मोबदला घेऊन, असा भेद ती करीत नाही. २००३ मध्ये एकतृतीयांश फुटीची सवलत रद्द झाली. दोनतृतीयांशांच्या विलीनीकरणाची मुभा राहिली. परिणामी एकट्याचा मतभेद दंडनीय आणि समूहाचे स्थलांतर क्षम्य, अशी स्थिती आली. मतभेदाला भाषेत 'गद्दारी' आणि कायद्यात 'अपात्रता' हीच नावे असतील, तर पक्षांतर्गत लोकशाही कोणत्या शब्दात बोलेल?

लातूरच्या संदर्भात आणखी एका शब्दाचा विचार करावा लागतो : 'बालेकिल्ला'. वृत्तपत्रे हा शब्द इतक्या सहजतेने वापरतात की त्यातील रूपक लक्षातही येत नाही. किल्ला राजाचा असतो. आतील माणसे रयत असतात. किल्ला 'राखला' जातो किंवा 'ढासळतो', आणि दोन्ही क्रियांत रयतेला कर्तृत्व नसते. आता मतदारांचे वर्तन पाहा. १९८० पासून शिवराज पाटील चाकूरकरांना सात वेळा निवडून देणाऱ्या लातूर लोकसभा मतदारसंघाने २००४ मध्ये त्यांना पराभूत केले. विजयी झालेल्या भाजपच्या रूपाताई पाटील निलंगेकर या काँग्रेसचे माजी मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांच्या सूनबाई. लातूर विधानसभेत विलासराव देशमुख १९९५ मध्ये पराभूत झाले, १९९९ मध्ये विजयी होऊन मुख्यमंत्री झाले. २०१७ च्या महापालिका निवडणुकीत, ज्या भाजपला आधीच्या सभागृहात एकही जागा नव्हती, त्याला सत्तरपैकी छत्तीस जागा मिळाल्या. ही विचार करणाऱ्या, प्रसंगी शिक्षा करणाऱ्या आणि पुन्हा संधी देणाऱ्या नागरिकांची चिन्हे आहेत. पक्ष आणि घराणी यांच्यातील सीमारेषा मात्र या बदलांत किती अस्पष्ट राहते, हेही निलंगेकर कुटुंबाच्या उदाहरणावरून दिसते. 'बालेकिल्ला' हे रूपक या दोन्ही गोष्टी झाकते : मतदाराचे कर्तृत्व आणि सत्तेचे कौटुंबिक सातत्य. अरुण साधूंच्या 'सिंहासन'मध्ये मुख्यमंत्री जिवाजीराव आणि त्यांना आव्हान देणारे दाभाडे एकाच मंत्रिमंडळात आहेत. खरा संघर्ष पक्षनामांच्या आत चालतो, हे कादंबरीकाराने १९७७ मध्येच ओळखले होते.

शिक्क्याला नकार देणाऱ्या लेखनाचा आदर्श आपल्याच प्रदेशात आहे. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर समाजवादी परंपरेतले. मनुस्मृतीची कठोर चिकित्सा त्यांनी केली, मुस्लिम राजकारणाचीही केली आणि 'श्रीमान योगी'ला प्रस्तावना लिहिताना शिवचरित्राची दैवतीकरणापासून सुटका करण्याचाही प्रयत्न केला. प्रत्येक गटाला त्यांच्यात आपल्या सोयीचा अर्धा भाग सापडतो आणि उरलेल्या अर्ध्याची अडचण होते. त्यांचे सर्व निष्कर्ष मान्य करण्याचे कारण नाही. मात्र ते प्रश्नागणिक निकष सांगतात, त्यामुळे त्यांच्याशी मतभेद व्यक्त करताना वाचकालाही निकष सांगावे लागतात. संज्ञेच्या भाषेचे हेच फलित होय.

समीक्षेचे कार्य यातून स्पष्ट होते. वर्तमानपत्रातील मथळा, सभेतील विशेषण आणि विधिमंडळातील आरोप यांना आपण साहित्यकृतीला लावतो त्याच कसोट्या लावाव्यात : हा शब्द कोणत्या कृतीविषयी बोलतो, कोणत्या पुराव्याने तो मागे घेतला जाईल, आणि तो ज्याला लावला आहे त्याला उत्तर देण्यास जागा उरते काय? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. आजचा विरोधक उद्या सत्तेवर येऊ शकतो आणि आजचा आपला मतदार उद्या त्याचा होऊ शकतो, या शक्यतेवर लोकशाही उभी असते. लातूरच्या मतदारांनी ही शक्यता मतपेटीतून वारंवार खरी केली आहे. त्यांच्याविषयी बोलणाऱ्या भाषेला तिथवर पोचायचे आहे.