'स्मृतिचित्रां'तील देवाचा महिमा

मराठीतील थोर आत्मचरित्रांची गणना करावयाची झाल्यास लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'स अग्रभागी स्थान द्यावे लागेल, याविषयी आता मतभेद उरलेला नाही. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ आजही आवडीने वाचला जातो. परंतु आपण त्याची स्तुती कशासाठी करतो, हे पाहू गेल्यास आपल्या रसिकतेतील एक उणीव ध्यानात येते. आपण वाखाणतो तो बाईंचा विनोद, त्यांची बोलीच्या वळणाची भाषा आणि टिळकांसारख्या अवलिया पतीशी त्यांनी केलेला संसार. ग्रंथातील धर्म मात्र कथेच्या ओघात आलेला एक अपघात समजून आपण बाजूस ठेवतो. उलटपक्षी ख्रिस्ती वाचक त्यात धर्मांतराची साक्ष शोधतात. आमच्या मते ही दोन्ही वाचने अपुरी आहेत. या ग्रंथातील विनोद आणि धर्म या दोन वस्तू नव्हेत. ज्या घरगुती तपशिलांवर आपण हसतो, त्यांतच बाईंच्या श्रद्धेचे सारे चरित्र साठविलेले आहे.

ग्रंथाच्या आरंभीचे वडिलांचे चित्र पाहावे. नानांच्या सासऱ्यांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली आणि त्या धक्क्याने नानांच्या घरात सोवळ्याने अतिरेकी रूप धारण केले. बाजारातून आलेले मीठसुद्धा धुतल्यावाचून घरात घ्यावयाचे नाही, इथवर मजल गेली. वाचक येथे हसतो, आणि त्याने हसावे अशीच लेखिकेची इच्छा आहे. परंतु धुतलेले मीठ विरघळून जाते, हे ध्यानात घेतले म्हणजे या हास्यामागील दुःख उमगते. बाहेरच्या जगाने केलेल्या आघाताला भिऊन हे घर दार लावून बसले आहे. त्याची शुद्धी ही भीतीची शुद्धी आहे.

याच घरातील मुलगी अकराव्या वर्षी टिळकांच्या घरी आली. पुढे १८९३ मध्ये राजनांदगावच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने टिळकांस 'नवा करार' दिला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या, त्या आपले सोवळे बरोबर घेऊनच. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे. आणि टिळकांनी तीत हात घातला नाही. पुढे एका रात्रीच्या विचाराअंती बाईंनी जातिभेद सोडला. बाप्तिस्मा त्यानंतर आला. हा क्रम आम्हांस महत्त्वाचा वाटतो. त्यांच्या ठायी नव्या श्रद्धेचा प्रवेश प्रार्थनामंदिराच्या दारातून झाला नाही. तो पाण्याच्या भांड्यातून झाला.

येथे पौलाचे स्मरण होते. करिंथ येथील मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्रात तो खाण्यापिण्यासारखे नित्याचे कर्मही देवाच्या गौरवार्थ करावयास सांगतो. हा उपदेश आज सुभाषितासारखा वाचला जातो. पण त्याचा प्रसंग अन्नाच्या वादाचा होता. मूर्तीस अर्पिलेले अन्न घ्यावे की न घ्यावे, आणि आपल्या वागण्याने दुसऱ्याच्या मनास ठेच लागेल काय, हा तो वाद. मराठी माणसास हा प्रश्न परका नाही. लक्ष्मीबाईंनी त्याचे उत्तर ग्रंथ चाळून दिले नाही. चुलीपाशी बसून दिले.

या उत्तराचे मोल कळण्यासाठी दिल्लीकर वाचकांनी रिजच्या टेकडीवरील हिंदूराव रुग्णालयाकडे पाहावे. बायजाबाई शिंदे यांचे बंधू हिंदूराव घाटगे यांचे नाव आजही त्या स्थळास आहे. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याची ही कोठी. १८३५ मध्ये त्याचा खून झाल्यावर ती हिंदूरावांकडे आली. ज्या सत्तावन सालाने नानांच्या घराचे दार बंद केले, त्याच साली ही कोठी इंग्रजी फौजेचे ठाणे बनली. जवळच १८६३ मध्ये त्यांनी आपल्या विजयाचे स्मारक उभारले. त्याची घडण गिरिजाघराच्या शिखरासारखी. राज्यकर्त्यांचा धर्म सामान्य हिंदी माणसास दिसत होता तो अशा रूपात. मग ख्रिस्ती होणाऱ्या आप्ताकडे त्याने संशयाने पाहिले, यात नवल ते काय? त्या शिखरात देवाचा गौरव किती आणि जेत्याचा किती, हे सांगणे कठीण आहे. कोठीच्या जागी मात्र आता रोगी खाटेवर पडतो आणि कुणीतरी जात न विचारता त्याची शुश्रूषा करते. अहमदनगरच्या प्लेगात मिशनच्या आजारी मुलींची सेवा करणाऱ्या लक्ष्मीबाईंचे नाते आम्ही त्या शिखराशी जोडणार नाही, या खाटेशी जोडू.

टिळकांनीही हा भेद जाणला होता. त्यांनी ख्रिस्तभक्ती अभंगात आणि कीर्तनात आणली आणि १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून 'देवाचा दरबार' स्थापिला. परंतु पतीच्या उदारतेचा भार कोणी वाहिला, हे 'स्मृतिचित्रे' सांगतात. टिळक पाहुणा घेऊन यावयाचे, आणि डब्यात पीठ किती आहे हे बाईंस पाहावे लागावयाचे. गाव बदलले, बिऱ्हाड हलले, तरी दार उघडे राहिले. दर तीनचार वर्षांनी सामान बांधणाऱ्या आमच्या वाचकांस या गोष्टीची किंमत निराळी सांगावयास नको.

एक तुलना करून हे विवेचन आटोपते घेतो. टिळकांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यात ६४ अध्यायांची भर घातली. त्या निष्ठेपुढे नतमस्तक व्हावे. तथापि तेथे देवाचा महिमा हाच वर्ण्य विषय असल्यामुळे शब्दांस परंपरेचे ठरीव वळण लागते. 'स्मृतिचित्रां'त महिम्याचे नाव क्वचितच निघते. बाई आपली फजिती सांगत असतात. स्वतःस हसण्याइतका ज्याचा अहंकार गळाला आहे, त्याच्याच आयुष्यातून पलीकडचा प्रकाश दिसू शकतो. काच धुतलेली असावी लागते, एवढे नानांचे म्हणणे खरे. पण ती धुवावयाची कशासाठी, हे त्यांच्या लेकीस कळले. ग्रंथाची प्रत बहुतेकांच्या कपाटात असेलच. ती पुन्हा काढावी, आणि या वेळी हसू आले म्हणजे क्षणभर तेथेच थांबावे, इतकीच आमची सूचना आहे.