चौघांचं घर, चेहरा एकच

प्राजक्ता कोळीचे जुने व्हिडिओ पाहताना आधी हसू येतं. खोलीत माणूस एकच आहे हे नंतर केव्हातरी ध्यानात येतं. हे ध्यानात यायला जितका उशीर, तितकं तिचं कसब मोठं.

'मोस्टलीसेन' हे चॅनल ठाण्याच्या या मुलीने फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू केलं. आज त्याचे सबस्क्राईबर ७० लाखांच्या वर आहेत. तिच्या नावावर नेटफ्लिक्सची मालिका आहे, हिंदी सिनेमे आहेत, इंग्रजी कादंबरीही आहे. ही यादी बाजूला ठेवून तिच्या घरगुती प्रहसनांकडे पाहावं. आई, बाबा, धाकटा भाऊ मोंटू आणि मधे ती स्वतः. चौघांचे टोमणे, चौघांचे रुसवे, आणि चौघांनाही चेहरा एकच. कंटेंट करायला निघालेली आपल्याकडची मुलं आधी रिंग लाईट घेतात आणि मग विषय शोधत बसतात. त्यांनी हे व्हिडिओ एकदा आवाज बंद करून पाहावेत आणि एकदा डोळे मिटून ऐकावेत.

एक माणूस आणि अनेक पात्रं, याचं आपल्याला नवल नाही. पु. लं.नी १९६१ मध्ये 'बटाट्याची चाळ' एकट्याने रंगमंचावर वसवली. लक्ष्मण देशपांड्यांच्या 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये पात्रं ५२ आणि नट एक. ठाण्याच्या गडकरी रंगायतनपासून डोंबिवलीच्या सावित्रीबाई फुले कलामंदिरापर्यंतचा प्रेक्षक या प्रकारावर पोसलेला आहे. गणेशोत्सवात सोसायटीच्या मंडपात एखादी तिसरीतली मुलगी पदर खोचून शेजारची काकू होते, तेव्हा तीही याचीच बाराखडी गिरवत असते. एकपात्रीत एका पात्रातून दुसऱ्यात शिरण्याचा सांधा प्रेक्षकांदेखत जुळतो. खांदा किंचित पडतो, मान वळते, आवाज खाली उतरतो आणि काकू जाऊन काका येतात. टाळी त्या वळणाला पडते. कॅमेऱ्यापुढे नेमकं हेच वळण हातचं जातं, कारण मान वळायच्या जागी कट येतो. आई दिसली, कट, मुलगी दिसली. मधला प्रवास कुणी पाहिलाच नाही, तर दाद कशाला द्यायची? या अडचणीतून प्राजक्ताने काढलेली वाट पाहण्याजोगी आहे. प्रवास दाखवता येत नाही, तर दोन्ही टोकं इतकी पक्की करायची की मधली रिकामी जागा पाहणाऱ्याला जाणवूच नये.

आवाज बंद करा आणि फक्त नजर पाहा. ती काय करते हे कळावं म्हणून एक साधा प्रसंग आपणच रचू. आई विचारते, "कोथिंबीर आणलीस?" मुलगी म्हणते, "तू सांगितलंच नव्हतंस." दोघी एकाच खोलीत, एकाच भिंतीपुढे, पण चित्रित झालेल्या वेगवेगळ्या वेळी, कारण मधे कपडे बदलायचे असतात. आई चौकटीच्या उजव्या कडेकडे पाहून बोलली असेल, तर मुलीने डावीकडे पाहायला हवं. सिनेमावाले याला आय-लाईन म्हणतात. दोघींनी एकाच बाजूला पाहिलं, तर त्या एकमेकींशी न भांडता तिसऱ्याच कुणाशी बोलताहेत असं दिसतं. एवढं चार प्रयत्नांत कुणालाही साधेल. बारीक काम आहे ते उंचीचं. आई उभी आहे आणि मुलगी पलंगावर पसरली आहे, तर एकीची नजर खाली उतरायला हवी आणि दुसरीची वर चढायला हवी. ती नजर जिथे पोचायची तिथे असते नुसती भिंत, फार तर कपाटाची मूठ. त्या मुठीत आई दिसावी लागते, आणि पुढच्या वाक्यालाही ती तितक्याच उंचीवर दिसावी लागते. प्राजक्ताच्या प्रहसनांत समोरचा माणूस असा हवेत तरंगत नाही. तो कुठे उभा आहे आणि केवढा आहे हे तिच्या बुबुळांना ठाऊक असतं, म्हणूनच तो आपल्यालाही दिसतो.

याहून अवघड काम ऐकण्याचं. घरगुती विनोदात हशा वाक्यावर क्वचितच येतो. वाक्य ज्याच्या अंगावर पडलं त्याचं तोंड कसं झालं, यावर तो येतो. रंगमंचावरच्या एकपात्रीची इथे पंचाईत होते, कारण बोलणारा आणि ऐकणारा एकाच क्षणी दाखवता येत नाहीत. दिवाकरांनी १९११ पासून लिहिलेल्या ५१ नाट्यछटांत या मर्यादेचंच सोनं केलं. समोरचा माणूस तिथे दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही; बोलणाऱ्याच्या उत्तरांवरून तो आपण ओळखायचा. कॅमेऱ्याने ही गोष्ट उलटी करण्याची सोय दिली. बोलणाऱ्याचा आवाज मागे चालू ठेवायचा आणि पडद्यावर ऐकणाऱ्याचा चेहरा धरायचा. प्राजक्ता खुलते ती इथे. आईच्या सरबत्तीत मुलगी आधी फोनमध्ये असते. मग गाडी आता आपल्यावर येणार हे तिला उमगतं. मग चेहऱ्यावर ओढूनताणून आणलेला निरागसपणा. हे सगळं तिने रिकाम्या खोलीत, समोर आई नसताना केलेलं असतं. बोलण्याचा अभिनय आरशापुढे घोटता येतो. ऐकण्याचा घोटायचा, तर पुढचं वाक्य नेमकं कुठे टोचणार हे आधी ठाऊक हवं. इथे वाक्य लिहिणारी, बोलणारी आणि टोचून घेणारी एकच असते, आणि तरीही दर वेळी ते पहिल्यांदाच कानी पडल्यासारखं वाटतं. मला विचाराल तर तिच्या साऱ्या कामात याला तोड नाही.

आता कट. सेकंदाला पंचवीस-तीस चित्रं धावतात. त्यांतली चार-पाच इकडची तिकडे झाली, तरी हशा निसटतो. नवखा माणूस वाक्य पुरं होऊ देतो, थोडा श्वास सोडतो आणि मग कट मारतो. मग संवाद रेशनच्या रांगेतल्या गिऱ्हाइकांसारखे एकामागे एक शिस्तीत येतात. कुठल्या घरात माणसं असं बोलतात? आईचा प्रश्न संपायच्या आत उत्तर तयार असतं आणि उत्तर संपायच्या आत पुढचा आरोप. प्राजक्ताच्या चांगल्या प्रहसनांत वाक्यांची शेपटं अशी छाटलेली असतात, आणि मग एखाद्या ठिकाणी ती मुद्दाम थांबते. सगळे घाईत असताना आलेला तो एक लांबलेला क्षण, कुणीच काही बोलत नाही असा, वाक्यापेक्षा मोठा हशा घेऊन जातो. हात राखून वापरलेलं मौन आहे ते.

डोळे मिटून ऐकलं की तिच्या उमेदवारीचा पत्ता लागतो. चॅनल काढण्याआधी ती मुंबईत फिव्हर १०४ एफएमवर होती. आधी इंटर्न, मग 'कॉल सेंटर' नावाचा स्वतःचा कार्यक्रम. तो चालला नाही, हे ती स्वतःच मुलाखतींत सांगते. कार्यक्रम पडला, पण कान मात्र तिथे तयार झाला असावा असं मला वाटतं. रेडिओवर चेहऱ्याची मदत नसते. माणूस ओळखू यायचा तो आवाजाच्या उंचीवरून, लयीवरून, श्वास कुठे घेतला यावरून. तिची आई ऐका. आवाज बारीक करून बाई आणि जाड करून पुरुष हा सोपा रस्ता तिने धरलेला नाही. पात्रं वेगळी होतात ती वेगामुळे. आईची वाक्यं एकमेकांत अडकत येतात, मोंटूची सुटी सुटी पडतात. वाक्याच्या शेवटी कोण सूर चढवतं आणि कोण सोडून देतं, एवढ्यावरही घरातली सत्ता कुणाच्या हाती आहे हे कळतं. चित्र काढून घेतलं तरी ही प्रहसनं बरीचशी उभी राहतात. आज इन्स्टाग्रामवर रोज येणाऱ्या शेकडो प्रहसनांना ही कसोटी लावून पाहा, किती टिकतात ते!

वेशभूषेबद्दल फार बोलण्यासारखं नाही, आणि ते बरंच आहे. घरातल्या कपाटात सापडेल तेवढं, ओढणीसारखी एखादी खूण, बस्स.

काळ मात्र लक्षात घ्यायला हवा. जिओ आलं सप्टेंबर २०१६ मध्ये. त्याच्या दीड वर्ष आधी व्हिडिओ टाकायचा, म्हणजे पाहणाऱ्याचा डेटा महाग आणि त्याचा धीर कमी. जाहिरातीच्या उत्पन्नासाठी आज असलेली १,००० सबस्क्राईबरची आणि वर्षात ४,००० तास पाहिलं जाण्याची अट तेव्हा नव्हती. ती २०१८ मध्ये आली. उंबरठा नव्हता, पण अंगणही रिकामं होतं. अशा वेळी प्रस्तावनेत रमणं परवडत नाही. भांडणाच्या मधोमधच पडदा उघडायचा आणि कोण कुणाचं कोण लागतं हे पहिल्या दोन वाक्यांत कळलं पाहिजे, ही सवय तिला तेव्हापासून लागलेली दिसते.

एक तक्रार मात्र नोंदवतो. घर ठाण्यातलं, कॉलेज मुलुंडचं वझे-केळकर, आणि प्रहसनांतलं कुटुंब बोलतं हिंदी-इंग्रजीत. त्यामागचा हिशेब कळतो. ही आई लखनौची वाटते, इंदूरचीही वाटते; देशभर पोचायचं तर ते हवंच होतं. पण मराठी आईच्या रागाला पायऱ्या असतात. 'अगं' वेगळं, 'हे बघ' वेगळं, आणि नुसतं पूर्ण नाव घेऊन मारलेली हाक सर्वांत वेगळी. त्या पायऱ्या हिंदीत सपाट होतात. 'मोस्टलीसेन'च्या पुढल्याच वर्षी, २०१६ मध्ये, भाडिपा हे मराठी यूट्यूब चॅनल आलं आणि शहरी मराठी घर जसं बोलतं तसं, इंग्रजीच्या फोडणीसकट, पडद्यावर आणता येतं हे दिसलं. विनायक माळी यांच्या 'दादूस'ने तर आगरी बोलीचा ठसका तसाच्या तसा फोनच्या पडद्यावर आणला. ठाणे, भिवंडी, कल्याणच्या गावठाणांत जी बोली ऐकत आपण मोठे झालो, तिला तिथे स्वतःचा हशा मिळाला. भाडिपाकडे मात्र आईला वेगळी नटी आहे, मुलाला वेगळा नट. संवादाची चव तिथे जास्त, पण एका चेहऱ्याने चौघांना पेलण्याची कसरत पाहायची तर परत प्राजक्ताकडेच यावं लागतं.

ही कसरत आता वेगळ्या चौकटीत करावी लागते. टिकटॉकवर जून २०२० मध्ये बंदी आली, आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्स आधी भारतातच सुरू केलं. आडवा पडदा उभा झाला. आडव्या चौकटीत पात्राला एका बाजूला बसवून दुसरी बाजू मोकळी सोडता येई, आणि न दिसणारा माणूस त्या मोकळ्या जागेत राहत असे. उभ्या चौकटीत चेहराच काठापासून काठापर्यंत भरतो. नजर उजवीकडे टाकायची, तर तिकडे जागाच नाही. म्हणून आजची बरीच मुलं समोर, थेट भिंगात पाहून दोन्ही पात्रं करतात आणि फरक डोक्यावरच्या टॉवेलवर सोपवतात. उपवनच्या तलावाकाठी किंवा डोंबिवलीच्या फडके रोडवर फोन उभा धरून चित्रण करणाऱ्या मुलांत एखादा असा दिसतो, जो बाजूची जागा गेल्यावर वरखालीची जागा वापरतो. आई वरून बोलते, पोरगा खालून उत्तर देतो, उभी चौकट उभीच कामाला लावलेली. त्याचं नाव मला ठाऊक नाही, पण त्याला फ्रेम कळते.

प्राजक्ताचं पुढचं पाऊल रसिकाने चुकवू नये असं आहे. २०२० मध्ये 'खयाली पुलाव' हा लघुपट आणि 'मिसमॅच्ड' ही मालिका आली. २०२२ मध्ये 'जुगजुग जियो'. त्यात तिची गिन्नी ही अनिल कपूर आणि नीतू कपूर यांची मुलगी आणि वरुण धवनची धाकटी बहीण. म्हणजे आई, बाबा, भाऊ ही तिची सगळी जुनी पात्रं तिच्याकडून काढून घेतली गेली आणि प्रत्येकाला वेगळं माणूस मिळालं. वर्षानुवर्षं स्वतःच टाकलेली वाक्यं स्वतःच झेलणाऱ्या नटीला आता चेंडू कुठून येणार हे आधी ठाऊक नाही. चित्रपटात तिच्या वाट्याला वाक्यं तशी बेताचीच आहेत. ज्या प्रसंगांत ती बोलत नाही आणि बाकीचे बोलतात, तिथे तिच्याकडे पाहा. समोर आता कपाटाची मूठ नाही, अनिल कपूर आहेत. नजर मात्र तितक्याच नेमक्या उंचीवर जाऊन थांबते.