ग्रीक दृष्टीतील प्रतिष्ठान आणि तगर : एका साधनाची चिकित्सा

मराठवाड्याच्या प्राचीन इतिहासावर लिहिताना ‘एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस’ या ग्रीक पुस्तिकेचा दाखला दिला नाही, असा ग्रंथ विरळा. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास इजिप्तमधील एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने ती लिहिली. त्याचे नाव आपणांस ज्ञात नाही. दक्षिणापथातील दोन सर्वश्रेष्ठ बाजारपेठा म्हणून पैठण आणि तगर यांचा त्याने उल्लेख केला, ही गोष्ट या प्रदेशाच्या अभिमानाचा विषय व्हावी हे स्वाभाविक आहे. मात्र या उल्लेखाचा उपयोग बहुधा प्रशस्तिपत्रासारखा केला जातो. ऐतिहासिक साधन म्हणून त्याची परीक्षा क्वचितच होते. ती केल्यास हे साधन किती विश्वसनीय आहे, त्याच्या मर्यादा कोठे सुरू होतात आणि त्या मर्यादा कशातून उत्पन्न झाल्या, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळू शकतात.

प्रथम ग्रंथप्रकाराचा विचार केला पाहिजे. ग्रीसची भूमी डोंगराळ असून तिच्यात शेतीयोग्य सपाटी थोडी आहे. दऱ्याखोऱ्यांनी विभागलेल्या या भूमीत लहान लहान स्वायत्त नगरराज्ये वाढली आणि परस्परसंपर्काचा खरा मार्ग समुद्र हाच ठरला. लोकसंख्या वाढली तशी ही नगरे समुद्रापलीकडे वसाहती स्थापीत गेली. अशा समाजाने किनाऱ्याकिनाऱ्याने जगाचे वर्णन करण्याची पद्धत निर्माण केली, यात नवल नाही. ‘पेरिप्लस’ या शब्दाचा अर्थच मुळी ‘सभोवार नौकागमन’ असा आहे. या पद्धतीत बंदर हे केंद्र असते, आणि अंतर्भागाला महत्त्व येते ते तेथून बंदरात कोणता माल उतरतो एवढ्यापुरतेच.

ही दृष्टी ध्यानात घेतली म्हणजे पैठणविषयक मजकुराचे स्वरूप स्पष्ट होते. बारिगाझा म्हणजे भडोच येथून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तेथून पूर्वेस सुमारे दहा दिवसांवर तगर. पैठणहून गोमेदासारखे रंगीत दगड, तगरहून जाडेभरडे कापड आणि मलमलीचे नाना प्रकार भडोचला येतात, एवढेच लेखक सांगतो. भडोच आणि कल्याण येथील सत्ताधाऱ्यांची नावे तो देतो, कारण त्यांचा जहाजांशी संबंध येतो. पैठणास कोण राज्य करीत होता, याविषयी तो अवाक्षरही काढीत नाही. दुसऱ्या शतकातील टॉलेमी मात्र पैठण ही पुळुमावीची राजधानी असल्याचे नोंदवितो. पहिल्याला मालाची किंमत ठरवायची होती आणि दुसऱ्याला नकाशा भरायचा होता, हा भेद येथे उघड दिसतो.

तरीही पेरिप्लसकाराची माहिती ऐकीव म्हणून टाकाऊ ठरत नाही. तगरच्या स्थाननिश्चितीचा वाद या दृष्टीने उद्बोधक आहे. विल्फर्डने तगर म्हणजे देवगिरी असे मानले, भगवानलाल इंद्रजींनी जुन्नर सुचविले, तर डॉ. रा. गो. भांडारकरांनी धारूरचा पक्ष घेतला. १९०१ मध्ये फ्लीटने तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर हे मत मांडले व तेच पुढे सर्वमान्य झाले. देवगिरी पैठणच्या उत्तरेस आणि जुन्नर पश्चिमेस आहे. ग्रीक मजकुराशी यांपैकी कोणतेही स्थान जुळत नाही. तेर मात्र आग्नेयेस आहे. सरळ रेषेत भडोच ते पैठण हे अंतर सुमारे ३५० किलोमीटर आणि पैठण ते तेर सुमारे १५० किलोमीटर भरते. वीस आणि दहा दिवसांचे प्रमाण या अंतरांशी बऱ्याच अंशी जुळते. दिशेच्या बाबतीत लेखकाची चूक झाली, परंतु अंतराच्या बाबतीत फारशी झाली नाही. गाडीवानाला मुक्काम मोजता येतात, दिशेचे सूक्ष्म भान त्याला लागत नाही. त्यामुळे ही माहिती प्रत्यक्ष माल वाहणाऱ्यांकडूनच लेखकाकडे पोहोचली असावी, असे अनुमान सयुक्तिक ठरते.

याच परिच्छेदातील एक विधान अधिक चिकित्सेची अपेक्षा करते. हा माल गाड्यांतून, पण अतिशय बिकट व वाट नसलेल्या मुलखातून भडोचला येतो, असे लेखक म्हणतो. येथे सहज शंका येते की, पैठणहून जुन्नर आणि नाणेघाटमार्गे कल्याणला उतरणारी वाट उपलब्ध असता व्यापाऱ्यांनी दूरचे भडोच का गाठावे? त्याचे उत्तर लगेच पुढच्या परिच्छेदात सापडते. थोरल्या सारगनसच्या काळी कल्याण हे अधिकृत बंदर होते. पुढे ते संदनेसच्या हाती गेल्यावर तेथे अडथळा उत्पन्न झाला आणि तेथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. तेव्हा मार्गाचा हा बिकटपणा केवळ भूगोलाने निर्माण केलेला नव्हता. सत्तासंघर्षाचाही त्यात वाटा होता. हे दोन परिच्छेद वेगवेगळे वाचणाऱ्यांच्या ध्यानात हा संबंध येत नाही.

लेखकाला जे दिसले नाही, ते स्थानिक साधनांत पाहावे लागते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पितळखोरे येथील लेखांत पैठणच्या मितदेव नामक गांधिकाचे, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे दान नोंदले आहे. तेथेच मगिल हा राजवैद्य भेटतो, आणि यक्षमूर्ती घडविणारा कान्हदास नावाचा सोनारही भेटतो. पेरिप्लसमध्ये पैठण हे दगड पाठविणारे ठिकाण आहे. पितळखोऱ्यात ते व्यवसाय, दान आणि श्रद्धा यांनी बांधलेला समाज म्हणून प्रकट होते. १९७३ मध्ये नागपूर व मराठवाडा या दोन विद्यापीठांनी भोकरदन येथे केलेल्या उत्खननात आणि तेर येथेही हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाल्या. त्यांचे साम्य ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झालेल्या पाँपेई नगरातील मूर्तीशी आहे. पेरिप्लसने तगरच्या मालात कापड सांगितले. या प्रदेशातील हस्तिदंती कामाचा मात्र त्यात पत्ता नाही. साधनाच्या मौनावरून वस्तूचा अभाव सिद्ध होत नाही, याचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

आता उलट बाजू. ग्रीकांनी दख्खन पाहिले, तसे दख्खननेही ग्रीकांना पाहिले. आशिया मायनरच्या पश्चिम किनाऱ्यावरील आयोनियन ग्रीकांशी इराण्यांचा प्रथम संबंध आला. त्यांच्या ‘यौन’ या शब्दाशीच आपले ‘योन’ आणि ‘यवन’ निगडित आहेत. एका शाखेचे नाव अशा रीतीने सर्व ग्रीकांचे झाले. कार्ले येथील चैत्यातील अनेक स्तंभ धेनुकाकटच्या यवनांनी दिले. त्यांची नावे सिंहध्वज, यशोवर्धन अशी आहेत. जुन्नरच्या लेखांत इरिल हे परके वाटणारे नाव आहे, तसे चंद हे अस्सल इथलेही आहे. नाशिकच्या लेखातील इंद्राग्निदत्त स्वतःला उत्तरेकडील योनक म्हणवितो आणि त्याच्या पित्याचे नाव धर्मदेव आहे.

या लेखांवरून मराठवाड्यात वा सह्याद्रीत ‘ग्रीक वसाहत’ होती, असा निष्कर्ष काढणे घाईचे आहे. तसेच, नावे भारतीय आहेत म्हणून हे लोक ग्रीक वंशाचे असूच शकत नाहीत, हे म्हणणेही तितकेच घाईचे आहे. १९३८ मध्ये टार्नने भारतीय यवनांचा इतिहास हेलेनिक जगाच्या इतिहासाचा भाग मानला, तर १९५७ मध्ये नारायण यांनी तो भारताच्या इतिहासाचा भाग ठरविला. दोहोंतील अंतर मोठे असले, तरी यवनाला कोणत्या तरी एका बाजूस बसविलेच पाहिजे, ही धारणा दोघांत समान आहे. कार्ल्याचा दाता ही धारणा मान्य करीत नाही. तो यवन म्हणवून घेतो, भारतीय नाव धारण करतो आणि बौद्ध संघाला स्तंभ देतो. त्याला यात विसंगती वाटत नाही. कल्याणला येणाऱ्या जहाजांना पेरिप्लसकार ‘ग्रीक’ म्हणतो, तेव्हा तीही रोमन साम्राज्यातील इजिप्तची जहाजे असतात. दोन्हीकडे हे नाव वंशापेक्षा संबंध अधिक सांगते.

नाशिकच्या प्रशस्तीत गौतमी बलश्रीने आपल्या पुत्राचे वर्णन शक, यवन आणि पह्लवांचा संहारक व चातुर्वर्ण्याचा संकर थांबविणारा असे केले आहे. प्रशस्तीतील यवन हा शत्रू आहे, स्तंभावरील यवन हा दाता आहे. एका लेखाने दुसरा खोटा ठरत नाही. राजसत्तेचा आदर्श आणि समाजाचा व्यवहार यांतील अंतर मात्र दोन्ही शेजारी ठेवल्यावरच दिसते.

यातून अभ्यासपद्धतीविषयी एक गोष्ट निष्पन्न होते. परकीय लेखकाचा ग्रंथ मुख्य साक्षीदार आणि स्थानिक शिलालेख, नाणी व उत्खनित वस्तू केवळ दुजोरा देणाऱ्या, ही मांडणी आता सोडली पाहिजे. तेरच्या बाबतीत ग्रीक लेखकाचा दिवसांचा हिशेब उपयोगी पडला. पैठणच्या समाजाच्या बाबतीत त्याचा काहीच उपयोग झाला नाही. कोणते साधन कोणत्या प्रश्नाला उत्तर देऊ शकते, हे आधी ठरविले, तर पैठणला पेरिप्लसच्या प्रशस्तिपत्राची गरज उरणार नाही. त्याचा गांधिक, त्याचे गाडीवान आणि सह्याद्रीतील यवन दाते हेच त्याचे समर्थ साक्षीदार आहेत.