वगळलेलीं रणांगणें

एखादा ग्रंथकार निवर्तला कीं त्याच्या कपाटांतलीं टिपणें, खोडलेलीं प्रकरणें आणि अर्धवट सोडलेले आराखडे बाहेर काढण्याची त्याच्या चाहत्यांना घाई होते. त्या कागदांत छापलेल्या ग्रंथाहून मोठें असें कांहीं तरी दडलें असेल, ही आशा त्या घाईच्या मुळाशीं असते. पुष्कळदां निराशाच पदरीं येते. परंतु कधीं कधीं एखाद्या खोडलेल्या ओळीनें सबंध ग्रंथ उजळून निघतो, आणि मग टीकाकारानें त्या कपाटाकडे पाहूंच नये असें म्हणण्याचा धीर होत नाहीं. हा जुना वाद आतां व्हिडिओ गेमच्या क्षेत्रांत नव्यानें उभा राहिला आहे. त्याचें निमित्त म्हणून एका प्रसिद्ध जपानी द्वंद्वखेळाचा विचार येथें करावयाचा आहे.

'सुपर स्मॅश ब्रदर्स मेले' हा खेळ २००१ सालीं निन्टेंडोच्या गेमक्यूब यंत्रासाठीं निघाला. नांवांतला शेवटचा शब्द मराठी कानाला अशुभ वाटेल. पण तो मूळचा फ्रेंच असून त्याचा अर्थ हातघाईची झुंबड एवढाच आहे. हॅल लॅबोरेटरी या संस्थेनें मासाहिरो साकुराई यांच्या दिग्दर्शनाखालीं तो अवघ्या १३ महिन्यांत सिद्ध केला. निन्टेंडोच्या निरनिराळ्या खेळांतले वीर येथें एकत्र येऊन झुंजतात, आणि त्या झुंजींसाठीं २९ रणांगणें रचलेलीं आहेत. हीं रणांगणें बहुधा त्या वीरांच्या मूळ कथांतूनच उचललेलीं असल्यामुळें खेळाडूला एका कथेच्या प्रदेशांतून दुसऱ्या कथेच्या प्रदेशांत गेल्याचा आनंद मिळतो.

परंतु तबकडीवर एवढेंच नाहीं. अ‍ॅक्शन रिप्ले नांवाचें एक जोडसाधन यंत्राला लावलें म्हणजे कारागिरांनीं स्वतःच्या सोयीसाठीं केलेली यादी पडद्यावर उघडते. तिला डीबग मेनू म्हणतात. तींत सामान्य खेळाडूस कधींच न दिसणारीं कांहीं नांवें आहेत. असलें साहित्य मागें राहतें यांत नवल नाहीं. अशा रचनेंत प्रत्येक वस्तूला क्रमांक असतो. मधलेंच एक कलम उपटून काढलें तर बाकीची घडी विस्कटण्याचें भय असतें. म्हणून घाईच्या दिवसांत कारागीर तें कलम काढून टाकीत नाहीं, त्याच्याकडे जाणारी वाट तेवढी बंद करतो.

अशा अवशेषांकडे पाहतांना पहिला विवेक हा कीं, ते सगळे एका जातीचे नसतात. उदाहरणार्थ, या यादींतलें 'टेस्ट' नांवाचें रणांगण घ्या. मागें एका उपाहारगृहासारख्या जागेचें छायाचित्र आणि पुढें पात्रांच्या हालचाली तपासण्यासाठीं मांडलेली जमीन, असा त्याचा थाट आहे. यांत गूढ शोधणाऱ्यांची वाण पडलेली नाहीं. पण सुताराच्या दुकानांतील ठोकळ्यावर करवतीच्या खुणा असतात, तशाच या खुणा आहेत. हें रणांगण कधीं खेळाचा भाग व्हावयाचें नव्हतेंच. मग तें वगळलें असें तरी कसें म्हणावें?

दुसरी जात कच्च्या खर्ड्यांची. १९९९ सालच्या मूळ 'सुपर स्मॅश ब्रदर्स'मध्यें ड्रीम लँड या रणांगणाच्या देखाव्यावर बेतलेलीं, पण जमिनीची व चौथऱ्यांची मांडणी निराळी असलेलीं दोन कच्चीं रणांगणें अशींच दडलेलीं सांपडतात. त्यांची खरी किंमत पक्कें ड्रीम लँड त्यांच्या शेजारीं ठेवल्यावर कळते. एक सपाट भूमि, तिच्यावर तीन तरंगते चौथरे, आणि मधूनमधून फुंकर मारणारा एक वृक्ष; याहून अधिक कांहीं नाहीं. चढाओढीनें खेळणाऱ्या मंडळींनीं हेंच रणांगण सर्वांत न्याय्य मानलें. हा साधेपणा दारिद्र्यांतून आलेला नसून निवडींतून आलेला आहे, असा तर्क हे खर्डे पाहून बळकट होतो.

तिसरी जात मात्र मनाला चटका लावणारी आहे. त्याच डीबग मेनूंत 'अकानेइया' हें नांव आढळतें. तें निवडलें तर कांहींच उघडत नाहीं. खेळ जागच्या जागीं गोठतो. नांव आहे, भूमि नाहीं. अकानेइया हा 'फायर एम्ब्लेम' या कथामालेंतील खंड, आणि १९९० सालच्या तिच्या पहिल्या खेळाचा नायक मार्थ याची मायभूमि. मेलेमध्यें मार्थ आहे, त्याच कथामालेंतला रॉयहि आहे. पण ज्या ज्या कथामालांतून येथें खेळाडूचीं पात्रें घेतलीं, त्यांपैकीं एकट्या हिलाच स्वतःचें रणांगण नाहीं. तिचें संगीत ऐकूं येतें तें सुद्धां 'झेल्डा'च्या मंदिरांत, आणि तेंहि एखाद्या वेळीं. ही कथामाला २००३ पर्यंत जपानबाहेर प्रसिद्धच झालेली नव्हती. त्यामुळें परदेशीं हे दोघे तरवारबहाद्दर अगदींच अनोळखी पाहुणे म्हणून आले, आणि सर्वत्र जपानीच बोलत राहिले.

येथें उत्साही संशोधक म्हणतो, "पाहा, खेळ अपुरा आहे, खरा खेळ आमच्यापासून चोरून ठेवला." दुसरा सोंवळा टीकाकार म्हणतो, "कर्त्यानें जें दिलें नाहीं त्याकडे पाहणें हें असभ्यपणाचें आहे." आम्हांस दोन्ही मतें मान्य नाहींत. पहिला एका नांवावर सबंध नगर वसवितो. रणांगण कसें असतें, तें कां सोडून दिलें, हें त्या नांवावरून ठरवितां येत नाहीं. दुसरा मात्र समोरचा पुरावा शिष्टाचारासाठीं नाकारतो.

आमच्या मतें कसोटी अशी असावी: टाकलेल्या साहित्यानें कृतीविषयीं नवे प्रश्न उभे करूं नयेत, कृतीनेंच जो प्रश्न उभा केला असेल त्याच्या उत्तराला त्यानें साहाय्य करावें. या कसोटीला 'टेस्ट' उतरत नाहीं, अकानेइया उतरतें. मार्थला घर नाहीं ही उणीव डीबग मेनू न उघडतांहि जाणवते. परक्या मंदिरांत त्याचें गीत ऐकणाऱ्या कोणाहि रसिकाला ती जाणवावी. त्या नांवानें एवढेंच कळतें कीं ती उणीव कारागिरांच्याहि ध्यानांत आलेली होती. उपेक्षा आणि असमर्थता यांत जो फरक आहे तो येथें त्या नांवामुळें दिसतो, आणि न्याय करतांना तो फरक लहान नसतो. पुढें २००८ सालच्या 'ब्रॉल' या खेळांत या कथामालेला 'कॅसल सीज' हें स्वतःचें रणांगण मिळालें.

म्हणून कपाट उघडावें, पण ग्रंथ वाचून झाल्यावर. ज्यानें मूळ खेळ मन लावून खेळला आहे, त्यालाच एका रिकाम्या नांवाचा अर्थ लागतो. इतरांच्या हातीं तें नुसतें कुतूहल राहतें.