निबंध की एसे?

मुलांना शाळेत 'एसे' लिहायला सांगतात आणि घरी आपण त्याला सहज 'निबंध' म्हणतो. पण हे दोन शब्द जवळजवळ उलट्या दिशांनी आलेत, हे तुमच्या लक्षात आलंय का? निबंध म्हणजे पक्कं बांधलेलं. हेमाद्रीच्या 'चतुर्वर्गचिंतामणी'सारखे धर्मशास्त्रावरचे ग्रंथ निबंध म्हणूनच ओळखले जातात: आधार गोळा करायचे, गाठ मारायची. 'एसे'चा मूळ अर्थ मात्र प्रयत्न, करून पाहणं. हा शब्द फ्रेंचमधून आला आणि त्याच्याही मागे आहे लॅटिन 'एक्झागियम', म्हणजे वजन करणं. सोन्याचा कस पाहण्याला इंग्रजीत 'अ‍ॅसे' म्हणतात, तो याचाच सख्खा भाऊ. माँटेननं १५८० साली आपल्या लेखांना हे नाव दिलं आणि १५९२ मध्ये मरेपर्यंत तो त्याच पानांत भर घालत राहिला.

चिपळूणकरांच्या 'निबंधमाले'त (१८७४–८१) गाठ पक्की आहे. त्यांना वाद जिंकायचा होता, त्यामुळे ती शोभतेही. त्यानंतर इरावती कर्व्यांचा 'परिपूर्ती'तला वारीवरचा लेख वाचा. समाजाचा अभ्यास करणाऱ्या बाई दिंडीबरोबर चालतात, माणसांच्या मायेनं भारावतात, आणि तरी एकाच दिंडीतले ब्राह्मण आणि मराठे वेगळे जेवतात हे त्यांना सलत राहतं. दोन्ही पारडी हलत राहतात. मराठीत आपण त्याला काहीही म्हणू, हा खरा एसे.

आता आपलं लेखन. परदेशातल्या गणपतीवरचा लेख घ्या. दुसऱ्याच परिच्छेदात कळतं, शेवटी डोळे पाणावणार (मोदक फ्रोझन असले तरी). भाषा बरी असते, आठवणीही खऱ्या असतात, पण कसाला काहीच लावलेलं नसतं. लिहिणाऱ्याला सगळं आधीच ठाऊक असतं.

आई-वडिलांवरच्या लेखांत हे फार खुपतं. दर महिन्याला पाठवलेले पैसे त्यात येतात, व्हिडिओ कॉल येतात, विमानतळावरचा निरोप तर येतोच. तिकडे दवाखान्यात रात्र काढणारी धाकटी बहीण मात्र एका वाक्यात उरकते, तेही आभारापुरती. तिला दुसऱ्या पारड्यात बसवून एक लेख लिहून पाहा. आणि छापायला देण्याआधी तो तिला वाचायला पाठवा.