देखणं पान, शिळी माहिती

पवईच्या आयआयटी मुंबईतल्या 'फॉसी' प्रकल्पाने सायलॅबसाठी ऑप्टिमायझेशन टूलबॉक्स बनवला आहे. त्यातल्या फंक्शनसोबत ठरलेल्या मथळ्यांच्या कॉमेंट्स असतात: पॅरामीटर्स, डिस्क्रिप्शन, एक्झाम्पल्स. अशा कॉमेंट्समधून सायलॅबचं 'हेल्प_फ्रॉम_साय' मदतीचं पान तयार करतं. कोड आणि माहिती एकाच फाइलमध्ये, हे मला पटतं. पण या पद्धतीची उणीवही तिथेच आहे: मथळ्याखालचा मजकूर खरा आहे का, हे कुणी तपासत नाही. माझ्या कोडात कॉमेंट सेकंद म्हणत होती, फंक्शन मिलिसेकंद घेत होतं. पान देखणं निघालं, आठवडा वाया गेला. म्हणून थिसिसचा कोड लिहिताना 'एक्झाम्पल्स' रिकामं सोडू नका. कॉमेंटमधला तेवढाच भाग चालवून बघता येतो. कोड बदलला की तो चालवा, उत्तर ताडून बघा.